बाहेरगावी गेलेलं पात्र

माणसं पिक्चर बघायला जातात आणि बघून घरी येतात. तेलगावचे आमचे थोरले साडू एकदा जे पिक्चरमध्ये गेले ते परत आलेच नाहीत. उलट दुसऱ्याच दिवशी मागचं अख्खं घरदार त्यांनी तिकडेच बोलावून घेतलं. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. बाजारपेठेत कापडाचं दुकान, गावाबाहेर ऊस आणि कपाशी, कपाळाला विभूतीचे ठसठशीत पट्टे, आणि आवाज असा, की ते गिऱ्हाइकाला लुगडं दाखवायला लागले की मागच्या बोळातल्या बाया घरात बसूनच "काठ बरा न्हाई" म्हणून सांगायच्या. सगळं गाव त्यांना अण्णा म्हणायचं, म्हणून मीही अण्णाच म्हणायचो. मी माजलगावला शाळेत मास्तर, म्हणून ते मला मास्तर म्हणायचे. या नात्याखेरीज आम्हा दोघांत सारखं असं काहीच नव्हतं. मला पिक्चरमध्ये झोप यायची आणि त्यांना पिक्चरमुळे झोप येत नसे.

दिवस नव्या वाऱ्याचे होते. देशाचे दरवाजे उघडले म्हणून पेपरात रोज छापून यायचं. तेलगावात त्या दरवाजातून टेलिफोनचं पिवळं खोकं आलं, थंड पेयाच्या बाटल्या आल्या, आणि नळाला पाणी यायच्या आधी घराघरात डिश छत्रीचं केबल आलं. त्याच हंगामात बीडच्या टॉकीजला तो पिक्चर लागला. घरातल्या सगळ्यांनी मिळून बघायचा, गाण्यांचा. गाणी इतकी, की मधेअधे जागा उरली तर पिक्चर व्हायचा. एक भलामोठा बंगला, गोल जिना, तीन भाऊ, त्यांच्या बायका, एक म्हातारी आत्या, एक घरचा डॉक्टर आणि माणसांपेक्षा बरं बोलणारा एक पोपट. त्या घरात कुणाला म्हणून काम नव्हतं. कारखाना होता म्हणे, पण तो आपला आपणच चालायचा. ही मंडळी सकाळी नटूनथटून जिन्यावरून खाली उतरायची, एकमेकांच्या पाया पडायची, रडायची आणि गायची. अण्णा दुकानाचा माल आणायला बीडला गेले, मधला वेळ काढायला टॉकीजात शिरले आणि माल तिथेच विसरून घरी आले. दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरला ट्रॉली जोडून घरची, शेजारची, झालंच तर उसातली माणसंही भरून नेली. आमच्या मेव्हणीला, म्हणजे आक्कांना, परतीच्या वाटेत त्यांनी विचारलं, "कसा वाटला?" आक्का म्हणाल्या, "त्या थोरल्या सुनेला म्हनावं एक दिवस हिकडं ये. दोन म्हशींचं शेन काढ, आन् मंग हास."

पण अण्णांनी तोवर पात्रं वाटून टाकली होती. थोरला भाऊ अर्थातच स्वतः. पिक्चरमधला थोरला भाऊ घरात चकचकीत गाऊन घालून हिंडायचा, म्हणून अण्णांनी दुकानातलं साटीन फाडून तसलाच मरून रंगाचा गाऊन शिवून घेतला. ऐन वैशाखात, धोतरावर गाऊन आणि गाऊनवर घामाचे ओघळ, अशा थाटात ते गल्ल्यावर बसायचे. आठ दिवस गावातली माणसं हळू आवाजात चौकशी करून जायची, "अण्णा, कवा सोडलं दवाखान्यातून?" एक म्हातारी तर नारळपाणी घेऊन आली. आक्कांना थोरल्या सुनेचं पात्र मिळालं. त्यात खीर वाढणं आणि पदर सावरून मंद हसणं एवढंच होतं. म्हशी पिक्चरच्या बाहेर राहिल्या, त्या आक्कांनाच सांभाळाव्या लागल्या. पोपट मिळेना, तेव्हा कोंबडा चालेल का म्हणून विचार झाला, पण घर पडलं शिवभक्ताचं, शाकाहारी, दारात कोंबडा कसा पाळणार, तेव्हा तेही पात्र गळालं. आणि मला चष्मा असल्यामुळे मी घरचा डॉक्टर झालो. मी हसून सोडून दिलं, पण अण्णा आल्या-गेल्याला माझी ओळखच तशी करून द्यायला लागले. बीडजवळच्या पालीचे एक पाहुणे माझ्यासमोर धोतर गुडघ्यावर घेऊन बसले आणि "रातच्याला लई ठणकतो" म्हणाले. मी म्हटलं, "अहो, मी भूगोल शिकवतो." त्यावर अण्णांनी मला बाजूला घेऊन दम भरला, "मास्तर, पात्र सोडून बोलू नगा बे!"

तीन भावांपैकी मधला भाऊ अण्णांना नव्हताच, त्यामुळे तो प्रश्न मिटला. राहिला धाकटा. पिक्चरमधला धाकटा दर दोन गाण्यांमागे थोरल्याच्या गळ्यात पडायचा. अण्णांना सख्खा धाकटा भाऊ होता, तात्या. पण त्याचं नाव कुणी काढलं की अण्णांचा तो लुगडं विकायचा आवाज एकदम खाली यायचा. गाऊनचा पट्टा सोडत-बांधत ते म्हणायचे, "ते पात्र बाहेरगावी गेलंय." आणि लगेच दुसरा विषय काढायचे.

बाहेरगाव म्हणजे गेवराईकडचं चकलांबा, तात्याची सासुरवाडी. आणि जाण्याचं कारण ऐकाल तर कपाळावर हात माराल. अण्णांच्या थोरल्या लेकीचं लग्न होतं. तात्यानं त्या लग्नात जिवाचं रान केलं. पाण्याचे टँकर आणले, चुलवणांवर आचाऱ्यांबरोबर उभा राहिला, भुवया जाळून घेतल्या. आमच्याकडे लग्नात अक्षता पडल्या की कुणीतरी माईक धरतो आणि मानकऱ्यांची नावं पुकारतो. ते झाल्याशिवाय पंगत बसत नाही आणि नाव राहिलं तर माणूस जन्मभर बसत नाही. त्या दिवशी माईक अण्णांच्या हातात होता. त्यांनी सरपंचांचे आभार मानले, साखर कारखान्याच्या चेअरमनचे मानले, आलेल्या आणि न आलेल्या पुढाऱ्यांचे मानले. मंडपवाल्याचे, जनरेटरवाल्याचे, व्याह्यांच्या जीपड्याच्या ड्रायव्हरचेही मानले. तात्या झारा हातात घेऊन शेवटपर्यंत ऐकत उभा राहिला. मग झारा खाली ठेवून म्हणाला, "भाड्यानं आनलेल्या जनरेटरचं नाव घेतलं. माझं न्हाई. म्या काय फुकट आलतो?" अण्णा हसायला लागले. त्यांना ती थट्टाच वाटली. "आरं, आपल्याच हाताचे कुनी आभार मानतं का?" तात्यानं त्याच दिवशी बिऱ्हाड आवरलं आणि शपथ घेतली, की या घरचं पाणीही पिणार नाही. माणूस हट्टी, चार-पाच वर्षं शपथ पाळली. वाटणी त्यानं मागितली नाही की भांडायला आला नाही. भांडला असता तर अण्णांना सोपं गेलं असतं.

आता पिक्चरचं खरं कारण सांगतो. आम्हाला वाटायचं, अण्णा बंगल्याला भुलले, गाण्यांना भुलले. तसं नव्हतं. पुढे त्यांनी व्हीसीआर भाड्यानं आणून तो पिक्चर पुन्हा लावला, तेव्हा मी शेजारी होतो. सुरुवातीची नावं येत होती तोवर ते मांडी घालून, हात जोडून बसले होते, आणि नावं संपून पिक्चर सुरू झाल्याबरोबर त्यांनी टेप मागं घेतली. "मास्तर, बघितलं का? हिरोचं नाव येतं ते ठीक हाय. पर दिवे धरनाऱ्याचं येतंय. कापडं इस्त्री करनाऱ्याचं येतंय. च्या देनाऱ्याचंबी येतंय. आन् समदी घरचीच मानसं हायेत न्हवं त्यांची?" मी म्हटलं, "रीत असते ती." अण्णा म्हणाले, "मला कावून न्हाई सुचली?" मी घरच्या डॉक्टरसारखी नुसती मान हलवली.

धाकट्या लेकीचं लग्न ठरलं तेव्हा अण्णा स्वतः चकलांब्याला बोलावणं घेऊन गेले. मला सोबत नेलं. तात्यानं ओसरीवर घोंगडी टाकली, चहा पाजला, आणि सरळ सांगितलं, "पोरगी माझीबी हाय. येतो. अक्षता टाकीन आन् तसाच निघीन. पान्याला हात लावनार न्हाई." अण्णा परतीच्या वाटेत म्हणाले, "अक्षता टाकून निघाला तर नाव कुनाला ऐकवू?" सगळ्या लग्नात त्यांना घोर लागला होता तो एवढाच.

तरी लग्न पिक्चरसारखंच व्हायचं होतं. बीडहून कॅमेरावाला आला, तो प्रत्येकाच्या तोंडावर दिवा मारून "हसा" म्हणायचा. हसताना आमचे सगळे सोयरे दात दुखत असल्यासारखे दिसत होते. पोरींनी नाच बसवले. पुढाऱ्यांसाठी सोफे आले. आणि पिक्चरमधलीच एक रीत पहिल्यांदा आमच्या भागात येणार होती: नवरदेवाचे बूट मेव्हण्यांनी पळवायचे आणि त्यानं गाणं म्हटल्याशिवाय परत द्यायचे नाहीत. आमच्याकडे लग्नातून चपला जातात, पण त्या रीतीनं जात नाहीत, नुसत्याच जातात. म्हणून नवरदेवाचा मामा आधीच सावध. भाच्यानं बूट काढले न काढले तोच त्यानं ते उचलून काखोटीच्या पिशवीत घातले. तिकडे तात्या आला होता. लवकर निघता यावं म्हणून त्यानं आपल्या चपला मंडपाबाहेरच्या ढिगात न टाकता थेट स्टेजच्या खांबाशी काढल्या. नव्या कोऱ्या, तेल पाजलेल्या. पोरी आल्या, खांबाशी एकच जोड दिसला, तोच घेऊन पसार झाल्या. शहाण्या पोरींनी एवढाही विचार केला नाही, की सुटाबुटातला नवरदेव चामड्याच्या चपला घालून कशाला येईल!

जंगमस्वामींचे मंत्र झाले, अक्षता पडल्या. नवरदेवानं मामाकडून बूट घेऊन पायात चढवले, आणि पोरी त्याच्याभोवती कडं करून "गानं म्हना, गानं म्हना" करायला लागल्या. तो बिचारा एक पाय वर करून दाखवत होता, "अवो, माझ्या तर पायातच हायेत!" इकडे तात्या खांबाभोवती फिरत होता. "माझं पायतान कुठं हाय?" बाहेर भर उन्हात फुफाटा असा तापलेला, की पाऊल टाकण्याची सोय नाही. चकलांब्याची जीप लांब लिंबाखाली. "ह्या घरात मानसाचं नाव ऱ्हात न्हाई आन् पायतानबी ऱ्हात न्हाई," असं म्हणून तो शेवटी एका पत्र्याच्या खुर्चीवर बसला, पाय वर घेऊन.

आणि अण्णांनी माईक धरला. गाऊन नव्हता, पांढरं धोतर, सदरा, डोक्याला फेटा. सोफ्यावरचे पुढारी सवयीनं सरसावून बसले. अण्णा म्हणाले, "आता पात्रांचा परिचय. ह्या घरातल्या धाकट्या भावाच्या पात्रात..." आणि लाईट गेली. पंखे थांबले, कॅमेरावाल्याचा दिवा विझला, माईक मेला. जनरेटरवाल्याकडे बघितलं तर तो झाडाखाली पत्ते खेळत होता, आणि डिझेल घालायला निवांत डबा शोधायला लागला. मला वाटलं, संपलं. पण अण्णांना माईक कधी लागला होता? त्यांनी तो खाली ठेवला, तो लुगडं विकायचा आवाज काढला, आणि तात्याचं नाव वडलांच्या नावासकट, आडनावासकट, मागच्या बोळापर्यंत ऐकू जाईल असं घेतलं. "थोरलीच्या लग्नात पानी ह्यानं आनलं. चुलीपाशी ह्यो उभा व्हता. भुवया ह्याच्या जळाल्या. म्या नाव न्हाई घेतलं. मला वाटलं, त्यो आन् मी एकच हाव." मग अण्णा तसेच अनवाणी स्टेजवरून उतरले आणि तात्याच्या खुर्चीपुढे जाऊन उभे राहिले.

पिक्चरमध्ये इथं गाणं असतं. आमच्याकडे तात्यानं इकडेतिकडे बघितलं आणि दबक्या आवाजात म्हटलं, "लोकं बघायलेत. सोफ्यावाल्यांची नावं घे आधी, भुका लागल्यात." मग उठला, वाढणाऱ्याच्या हातातली वरणाची बादली घेतली आणि पंगतीत शिरला. शेवटच्या पंगतीला आक्कांनी त्याच्यापुढं ताट मांडलं आणि पाण्याचा तांब्या ठेवला. तात्यानं तांब्या उचलला. आमच्यातला एकही माणूस तेव्हा हसत नव्हता, आणि अण्णा खांबाला टेकून लहान पोरासारखे रडत होते. चपला संध्याकाळी म्हशीच्या गव्हाणीत सापडल्या.

लग्नाची कॅसेट अण्णांनी सगळ्या जिल्ह्याला दाखवली असेल. त्यात नाच आहे, पुढारी आहेत, मी डॉक्टर म्हणून हसतोय. तेवढा भाग मात्र नाही. पडदा काळा व्हायचा तिथं अण्णा टेप थांबवायचे, "हितं लाईट गेलती," म्हणायचे आणि पुढचं सगळं उभं राहून करून दाखवायचे. तात्या पुढं अधूनमधून यायचा, पण आला की लगेच निघायची घाई. म्हणून अण्णांनी घरात एक रीतच पाडली. तो आत गेला की त्याच्या चपला लपवायच्या. कधी गव्हाणीत, कधी दुकानातल्या ताग्यांमागं. तात्या शिव्या घालत जेवायला बसायचा आणि अण्णा साळसूदपणे विचारायचे, "कावून? कुठं गेल्या बे?"

अण्णांना जाऊन आता बरेच दिवस झाले. ते गेल्यावर महिन्याभरानं मी आक्कांना भेटायला तेलगावला गेलो होतो. तात्या आला होता. खुंटीवर मरून गाऊन तसाच लटकत होता. त्यानं वहिनीची चौकशी केली आणि "येतो" म्हणून बाहेर पडला. मी ओसरीवर होतो. चपला जिथं काढल्या होत्या तिथंच होत्या. त्यांच्याकडे तो बराच वेळ बघत उभा राहिला. मग खाली वाकला, त्या उचलल्या, कडब्याच्या पेंढ्यांमागं सारल्या आणि हात झटकत परत आत आला.

"वैनी," तो दारातूनच म्हणाला, "पायतान सापडंना झालंय. ताट करा."