बोटीसाठी काढलेली भिंत

आमच्या घराला दोन तोंडं होती. एक पुणे-नाशिक रस्त्याकडे, दुसरं बाजूच्या बोळाकडे. बोळाच्या बाजूला मी शटर लावून एक गाळा बांधला होता. माझं मोटार वाइंडिंगचं काम. विहिरींवरच्या जळालेल्या मोटारी, तांब्याच्या तारेची रिळं, मोटारसायकल, सगळं त्या गाळ्यात असायचं. आम्ही त्याला गॅरेज म्हणायचो. गॅरेजच्या मागच्या भिंतीपलीकडे रस्त्याच्या अंगाची छोटी खोली होती, आणि त्या खोलीत माझे वडील असायचे.

त्यांना आम्ही सगळे दादा म्हणायचो. दादांनी आयुष्यभर दुसऱ्याचा ट्रक चालवला. मंचरच्या बाजारातला कांदा-बटाटा भरून ते पार मद्रासपर्यंत जाऊन यायचे. नव्वदचं दशक संपता संपता त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि डावी बाजू गेली. वाचा मात्र शाबूत राहिली. आई तोवर गेलेली होती. दादांची खाट आम्ही रस्त्याकडच्या खिडकीला लावून टाकली. खोली एवढी अरुंद की खाट आणि एक स्टूल ठेवलं की माणसाला आडवं होऊन आत जावं लागायचं. भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्याखाली त्यांचा जुना कंगवा, एवढंच सामान.

पण त्या खिडकीत दादा जगत होते. आमच्या घरापुढे गतिरोधक होता, त्यामुळे प्रत्येक गाडी तिथे मंदावायची. जुने ड्रायव्हर हॉर्न देऊन हात करायचे. वस्तीतली माणसं जाता-येता "जय भीम दादा" म्हणून जायची. कुणी विचारायचं, आज कुठलं लोडिंग? दादा म्हणायचे, आज गाडी घरातच, मालक सोडत नाय. एक दिवसाआड ते माझ्याकडून दाढी करून घ्यायचे. खिडकीत बसणाऱ्यानं नीटनेटकं असावं, असं त्यांचं म्हणणं होतं.

बोटीचं वेड माझं. दोन हजार सालानंतर आमच्या पश्चिमेकडच्या धरणाच्या पाण्यावर शहरातली माणसं फिरायला येऊ लागली होती. भीमाशंकरला जाणाऱ्या गाड्या पाण्याशेजारी थांबायच्या, माणसं उतरून फोटो काढायची. मला वाटलं, इथे एक बोट हवी. पानशेतकडे एका माणसाचा बोटीचा धंदा बसला होता. त्याच्याकडून मी फायबरची जुनी बोट घेतली, इंजिनासकट, आणि जिच्यावर ती ओढून न्यायची ती दोन चाकांची ट्रॉलीही घेतली. परवानगी मिळेल तेव्हा मिळेल, तोवर बोट पाण्याजवळ एका ओळखीच्या माणसाच्या वावरात ताडपत्रीखाली ठेवली. काही महिन्यांत तिची पेट्रोलची टाकी आणि नळी कुणीतरी काढून नेली. उन्हानं फायबरला बारीक तडे जायला लागले. मग मी ठरवलं, बोट घरी आणायची आणि गॅरेजमध्ये ठेवून शटर ओढायचं. खरं सांगायचं तर नुसती चोरीची भीती नव्हती. आमच्या वस्तीत कुणाच्याही घरात बोट नव्हती. ती माझ्या शटरआड आहे हे लोकांना माहीत असावं, असं मला वाटत होतं.

वावरात जाऊन मी बांबूनं बोट मोजून आलो. घरी येऊन त्याच बांबूनं गॅरेज मोजलं. बसत होती. लहानपणी आमच्याकडे बैलगाडी होती. छप्पर घालायचं तर गाडीचा साटा, म्हणजे माल भरायची चौकट, तेवढी मोजायची, दांडी कुणी मोजत नसे, कारण दांडी बाहेर राहिली तरी बिघडत नाही, छपराला दार थोडंच असतं. मी तसंच केलं. बोट मोजली, ट्रॉलीची पुढे आलेली दांडी मोजलीच नाही.

माझा मेहुणा नारायणगावहून त्याची जीप घेऊन आला. सोबत त्याचे चुलते होते, घरातलं मोठं माणूस म्हणून. दुपारी आम्ही बोट घेऊन बोळाच्या तोंडाशी आलो. वस्ती गोळा झाली. मेहुणा जीप मागे घेऊ लागला, पण ट्रॉली सरळ जाईना. तो स्टिअरिंग ज्या बाजूला फिरवी त्याच्या उलट्या बाजूला बोटीचं बूड जाई. दोनदा ती शटरच्या खांबाला घासली.

तेवढ्यात भिंतीपलीकडून दादांचा आवाज आला. त्यांना काही दिसत नव्हतं, फक्त इंजिनाचा आवाज ऐकू येत होता. ते म्हणाले, "आरं, मागं बघून फिरवू नको. गाडी जिकडं न्यायची त्याच्या उलटं दाब, आन् लगेच सोड." मेहुण्यानं तसं केलं. दादा आवाजावरून सांगत राहिले, दाब, सोड, आता थांब, आता हळू. कितीतरी दिवसांनी त्यांच्या आवाजात असा जोर आला होता. बोट एकदाची सरळ आत शिरली, आणि मागच्या भिंतीला टेकली. धक्क्यानं पलीकडचा गिलावा दादांच्या अंथरुणावर पडला. त्यांनी विचारलं, "बसली का?"

नव्हती बसली. दांडी शटरच्या बाहेर दीड हात राहिली होती.

आम्ही बोट तिरकी करून पाहिली, तर बूड कोपऱ्यात अडकलं. दांडी उभी करायची म्हटलं तर ती ट्रॉलीच्या सांगाड्यालाच जोडलेली. मेहुणा म्हणाला, कापून बिजागरी बसवता येईल, पण चढउताराच्या रस्त्याला त्या जोडाचा भरवसा नाही. मला तर ते ऐकायचंही नव्हतं. नव्या आणलेल्या वस्तूला पहिल्याच दिवशी कापायचं, तेही सगळ्या वस्तीसमोर? त्यातला एक जण म्हणाला, "राव, बोटीला गाव दाखवायला आणली का गावाला बोट?" सगळे हसले. मीही हसलो, आणि त्याच हसण्यात माझ्या मनानं भिंत काढायचं ठरवून टाकलं.

दीड हात मिळवायचा तर भिंत दादांच्या खोलीत सरकवावी लागणार होती. मग तिथे खाट मावणार नव्हती. म्हणजे खोलीच जाणार होती. पाहुण्यांना चहा देताना बायकोच्या हे लक्षात आलं. तिनं मला आत बोलावून हळूच सांगितलं, की दादांना विचारल्याशिवाय काही करू नका, आणि विचाराल ते पावणं गेल्यावर विचारा.

मी पाहुणे गेल्यावर विचारलं नाही. चहाचे कप हातात असतानाच मेहुणा आणि त्याचे चुलते यांना घेऊन दादांच्या खोलीच्या दारात गेलो आणि सगळ्यांदेखत म्हणालो, "दादा, तुमची खाट मागच्या खोलीत टाकली तर चालेल का? तिथं हवाबी चांगली हाय."

आमच्या घराची एक रीत मला पुरती ठाऊक होती. सुनेच्या माहेरची माणसं दारात असताना घरातल्या मोठ्या माणसानं लेकाला नाही म्हणायचं नाही. तसं झालं तर बापलेकांत कुरबूर आहे असं पाहुणे घेऊन जातात. दादांनी ही रीत आयुष्यभर पाळली होती. मी तीच धरून त्यांना कोंडलं.

दादांनी माझ्याकडे पाहिलं नाही. चुलत्यांकडे पाहून ते हसले. "टाका की. मला काय, झोपायचंच हाय. कुठंबी झोपंन." मग पाहुण्यांना म्हणाले, आमच्या लेकानं जहाज आणलंय, आता बंदर नको का त्याला?

पुढच्या आठवड्यात गवंडी आला. भिंत पडली, बोट आत गेली, शटर खाली आलं. खिडकी आता गॅरेजची झाली होती. तिच्यातून कुणीही आत डोकावेल, इंजिन नेईल, म्हणून मी ती विटांनी बुजवून घेतली आणि बाहेरून गिलावा केला. गवंड्यानं विचारलं होतं, एवढी चांगली खिडकी का बुजवता? मी म्हणालो, गरज उरली नाही.

मागच्या खोलीला खिडकी नव्हती. दार होतं, पण त्यासमोर शेजाऱ्यांची कांद्याची चाळ. पावसाळ्यात चाळीतला कांदा सडू लागला की तो वास दिवसभर खोलीत भरून राही. रस्त्याचा आवाज तिथे येत नसे. पहिले काही दिवस दादा बायकोला विचारायचे, कोण गेलं, कुणाची गाडी होती. तिला गाड्या ओळखता येत नसत. मग त्यांनी विचारणं सोडलं. दाढीचं मी विचारलं तर म्हणायचे, राहू दे. नंतर मीही विचारेनासा झालो. मला वेळ नसायचा. परवानगीसाठी मी पुण्याला खेपा घालत होतो. बोट एकदाही पाण्यात उतरली नाही. मी अधूनमधून इंजिन सुरू करून बघायचो, तेव्हा गॅरेज धुरानं भरायचं आणि मागून दादांचा खोकला ऐकू यायचा.

असं वर्ष-सव्वावर्ष गेलं. एक दिवस दुपारी मी बोटीशेजारी बसून एक मोटार उकलत होतो. बोळातून एक म्हातारा आला. दादांच्या लाइनीवरचा जुना ड्रायव्हर, जुन्नरकडचा, पूर्वी दर खेपेला खिडकीपाशी थांबणारा. त्यानं टोपी काढली, माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाला, "मला लई उशिरा कळलं रं. कधी गेलं दादा?"

गॅरेज आणि मागच्या खोलीमधलं दार उघडं होतं. मी उत्तर द्यायच्या आत आतून आवाज आला. "कळवलं न्हाई म्हणून रागावू नका, पावणं. मलाबी आत्ताच कळतंय."

म्हातारा आत धावला आणि खाटेशेजारी जमिनीवर बसून रडू लागला. रडता रडता हसत होता. त्याच्या बोलण्यातून कळलं ते असं. खिडकी बुजलेली पाहून लाइनीवरच्या ड्रायव्हरांनी ठरवलं, की दादा गेले, म्हणूनच घरच्यांनी ती बंद केली. एकानं दुसऱ्याला सांगितलं. विचारायला कुणी आलं नाही, कारण खिडकीच्या जागी भिंत दिसत होती.

"पेठ गावच्या चहाच्या टपरीवर आमी चार जण तुमच्यासाठी दोन मिनिटं उभं राहिलो व्हतो," तो म्हणाला.

"मग आता बसा," दादा म्हणाले.

बायकोनं चहा केला. ते दोघं बराच वेळ बोलत होते, कुठल्या घाटात कुणाची गाडी बंद पडली, कोण वारलं, कोण लेकीकडे राहायला गेलं. मी गॅरेजमध्येच बसून राहिलो. जाताना म्हाताऱ्यानं बोटीकडे पाहिलं, मग भिंतीतल्या त्या बुजवलेल्या चौकोनाकडे पाहिलं. टोपी घालून निघून गेला.

त्यानंतर महिन्याभरात मी बोट विकून टाकली. परवानगीची आशा तोवर संपलीच होती, त्यामुळे फार मोठा त्याग केला असं म्हणायला जागा नाही. जुन्नरच्या एका माणसानं ती ट्रॅक्टरला बांधून नेली. शटर उघडंच राहिलं. मोकळ्या फरशीवर तेलाचे डाग आणि मध्येच संपणारी भिंत, एवढंच दिसत होतं.

मी दादांच्या खोलीत गेलो. बायको बाहेर गेली होती, घरात दुसरं कुणी नव्हतं. खाटेच्या कडेला बसून त्यांना सांगितलं, की गवंड्याशी बोललोय, भिंत परत घालतो, खिडकी उघडतो, तुमची खाट पुन्हा होती तिथं टाकतो.

"नको," ते म्हणाले.

मला वाटलं रागानं म्हणतायत. मी म्हटलं, माझं चुकलं दादा.

"चुकलं-बिकलं राहू दे. मी परत तिथं बसलो तर येणारा-जाणारा इचारंल, दादा, इतके दिवस कुठं व्हता? मंग मला सांगावं लागंल. आन् सांगताना तुझं नाव घ्यावं लागंल. त्यापरीस मेलोय तेच बरं हाय. लाइनीवर कुणाला सांगू नको म्हणून त्या जुन्नरच्या पावण्यालाबी बजावलंय. मेलेल्याला कुणी काय इचारत न्हाई."

मी पुष्कळ विनवलं. ते ऐकले नाहीत. शेवटी त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि दाढी करशील का म्हणून विचारलं. मी पाणी गरम करून आणलं. गालाची हाडं वर आली होती, वस्तरा नीट फिरत नव्हता, आणि एके ठिकाणी माझ्या हातून कापलं. त्यांनी गाल तसाच पुढे धरला.

पुढच्या पावसाळ्यात दादा गेले. वस्तीतली माणसं जमली, भिक्षूंनी त्रिसरण म्हटलं. लाइनीवरचं मात्र कुणी आलं नाही. मी निरोप धाडले होते, तरी नाही. नंतर मला कळलं, की पेठेच्या त्या टपरीवर निरोप पोचला, तेव्हा तिथला माणूस म्हणाला, हे तर जुनंच आहे.