किंगरीवाल्याची चूक

"तुझा नामदेव पटकीनं मेला ना गं म्हातारे? मग ह्यो आनंदी कसा ऱ्हातो?" नाक्यावरच्या खाकीवाल्या रझाकाराने आईला विचारले. त्याच्या एका हातात बंदूक होती, दुसऱ्यात किंगरी, कोंबडीची मान धरावी तशी धरलेली. किंगरीवाला शेजारीच उभा होता. जिनिंगचा पहिला भोंगा होऊन गेला होता आणि आमच्यामागे बायका खोळंबल्या होत्या.

हे सगळे किंगरीवाल्याच्या गाण्यामुळे झाले. त्याचा आवाज फुटक्या घागरीसारखा होता; उगीच गोड होता म्हणणार नाही. निजामाचे राज्य होते. मी चौदा वर्षांची. मी आणि आई रोज सकाळी पूर्णेकडच्या गाडीने परभणीला उतरायचो आणि कापसातला कचरा वेचायला जिनिंगमध्ये जायचो. उशीर झाला की फाटक बंद, म्हणून बायका जवळजवळ पळतच असत. किंगरीवाला स्टेशनापासून आमच्याबरोबर पळायचा. भोपळ्याची ती एकतारी किंगरी वाजवायचा, गायचा आणि धापाही टाकायचा.

"पाय चालू दे माय, नाव तेवढं सांग," हे त्याचे ठरलेले बोलणे. भाकरी कुणाच्या नावाने देता ते सांगितल्याशिवाय तो घेत नसे. मग विचारायचा, "हाय का गेला?" असलेल्याला "आनंदी ऱ्हावो" गायचा, गेलेल्याला "निवांत ऱ्हावो". शंभर बायकांची शंभर माणसे त्याच्या डोक्यात होती. त्यात तो कधी चुकला नाही, आणि हे त्या रस्त्यावर सगळ्यांना माहीत होते.

एका बाईचा नवरा दुसरी करून हैदराबादला पळाला होता. तिने रागाने त्याला गेलेल्यांत घालायला सांगितले. किंगरीवाल्याने भाकरी परत तिच्या फडक्यात ठेवली. "जित्याला म्या पुरीत न्हाई. लयच राग आला आसंल तर तिकडं जाऊन दोन लाथा घाल," म्हणाला. बायका फाटकापर्यंत हसत होत्या.

नामदेव माझा थोरला भाऊ. तो सरहद्दीपलीकडे, निजामाशी लढणाऱ्यांच्या कॅम्पात गेला होता. खाकीवाले अशा पोरांची घरे जाळत. म्हणून आईने गावात सांगितले, गंगाखेडला मामाकडे पटकीने गेला. कपाळ बडवून घेतले, दहावेही केले. सगळे नीट निभावले. पण किंगरीवाल्याने "हाय का गेला?" विचारले की तिच्या तोंडून "गेला" निघेना. परभणीत आपल्याला कोण ओळखतो, असे म्हणून ती रोज "हाय" सांगायची. मी दोनदा भांडले. तिने ऐकले नाही.

त्या दिवशी नाक्यावर आमच्या शेजारच्या गावचा माणूस बंदूक घेऊन उभा होता. त्याने गाणे ऐकले, किंगरी हिसकावली आणि आईला तो प्रश्न विचारला.

  मग किंगरीवालाच बोलला. "चुकलो मालक. बाईनं गेलाच म्हणून सांगितलंय. म्हाताऱ्याची जीभ घसरली."

"तू तर कवाच चुकत न्हाईस म्हनं?"

"आज चुकलो."

"मग नीट गा."

खाकीवाल्याने किंगरी त्याच्याकडे फेकली. त्याने ती छातीला लावली, आईकडे एकदा पाहिले आणि गायला. नामदेव, निवांत ऱ्हावो. आई धुळीत बसली आणि जी रडली, ती दहाव्याला रडली त्याहून वेगळी. खाकीवाल्याला ते पटले. आम्हाला हाकलले. किंगरीवाल्याने चुकून खोळंबा केला म्हणून त्याच्या डाव्या हातावर बंदुकीचा दस्ता दोनदा हाणला. किंगरीचा भोपळा पायाखाली गेला.

आईने त्याचे उपकार मानले नाहीत. "माझ्या जित्या लेकाला मेल्यात गायला," एवढेच दिवसभर पुटपुटत होती. मी म्हटले, त्यानेच वाचवले. तर तिने माझ्या हातातली कचऱ्याची पाटी हिसकून घेतली.

दुसऱ्या दिवशी तो हाताला चिंधी बांधून आला. आईच्या बरोबरीने चालत हळूच म्हणाला, "कालचं धरू नको माय. घरी जाऊन शंभर बार सुलटं म्हटलंय." आईने भाकरी दिली, पण नाव सांगितले नाही. नाव न घेता त्याने घेतलेली ती एकच भाकरी. त्यानंतर तो आला नाही. हात सडत गेला, स्टेशनामागच्या पालात पोळ्याच्या आधी तो वारला, असे गाडीतल्या बायकांनी सांगितले.

निजामाचे राज्य गेले आणि दिवाळीला नामदेव घरी आला. त्या सालातून तो जगला, आई जगली, मी जगले. किंगरीवाला जगला नाही.