बाष्पीभवनाची प्रस्तावना

मी वस्तीतला कार्यकर्ता; पालकसभेची पत्रकं द्यायला शाळेत गेलो होतो. मुख्याध्यापक जागेवर नव्हते, म्हणून सहावीच्या दाराशी थांबलो. आत बी.एड.च्या एक शिकाऊ बाई सराव पाठ घेत होत्या. त्यांना गुण देणाऱ्या प्राध्यापिका मागच्या बाकावर बसल्या होत्या.

"ओले कपडे वाळतात, तेव्हा पाणी कुठं जातं?" बाईंनी विचारलं.

एक मुलगी हात वर करून उठली. "बाई, आमचे वाळतच नाहीत. गल्लीत ऊन येत नाही. हा ड्रेसपण ओलाच घातलाय."

"पिळत नसशील गं तू!" मागून कुणीतरी ओरडलं. वर्ग हसला. बाईंनी घड्याळाकडे पाहिलं, मग प्राध्यापिकांकडे.

"बरं, बस. दुसरं कोण सांगेल?"

"वाफ होते!"

"शाब्बास! तर आज आपण बाष्पीभवन शिकणार आहोत."

अहो, शिकणं तर सुरू झालं होतं! सावलीत पाणी का रेंगाळतं, हा प्रश्न ती पोर अंगावर घालून आली होती, आणि आपण तिलाच खाली बसवलं. पाठाच्या टाचणवहीत आधीच लिहिलेलं उत्तर मुलांच्या तोंडून काढून घ्यायचं, याला पाठाची प्रस्तावना म्हणायचं? संताप आला, पण बाईंवर धड रागावताही येईना. वस्तीतल्या कोपरासभेत मीही "नळाला पाणी येतं का?" असं विचारतो आणि "नाही!" ऐकलं की पुढचं बोलू लागतो. कुणाला आणखी काही सांगायचं असेल, तर मी कधी थांबलोय?

तास संपेपर्यंत बाईंनी बरेच प्रश्न विचारले. त्या मुलीचा हात पुन्हा वर आला नाही.