पन्हळीतला अंगठा

माझ्या मामाला सगळा बाजार गळतीकाका म्हणतो. गाडीत पाणी शिरलं की लोक आधी चार ठिकाणी हेलपाटे घालतात, मग डोकं धरून याच्याकडे येतात. मामा सुरुवात करतो ती मागच्या मेकॅनिकचा उद्धार करूनच. "पाणी दिसलं तिथेच फट बुजवायला लांबी थापली! अरे, शिरतं एकीकडून, साचतं भलतीकडे. डोळे काय गहाण ठेवले होते?" हे सगळं बिचाऱ्या गाडीवाल्याला ऐकावं लागतं, कारण मेकॅनिक तिथे नसतो.

कामाची पद्धत ठरलेली. एकाने दारं लावून टॉर्च घेऊन आत बसायचं. बाहेरून मामा नळीने पाणी सोडणार, खालून वर, थोडं थोडं. आतल्याला थेंब दिसला की त्याने काच वाजवायची. आत बसायचा तो मामाचा मुलगा. गेल्या वर्षी तो तापाने गेला. चांगला धडधाकट पोरगा, बघता बघता गेला. मला अजून राग येतो, कुणाचा ते कळत नाही.

त्याची गाडी दारात तशीच उभी राहिली. दुपारची जेवणं आटोपली की मामी जाऊन त्याच्या सीटवर बसायची, काचा लावून. त्याचा वास आहे म्हणायची. मी एकदा शेजारी बसले. मला नुसता तेलकट फडक्यांचा वास आला.

यंदा पावसात त्याच गाडीत पाणी शिरलं. पायाखालचा गालिचा भिजला, बुरशी धरली, सगळीकडे कुबट दर्प.

"अहो, जगाच्या गाड्या कोरड्या करता," मामी रडकुंडीला येऊन म्हणाली, "हीच तेवढी राहिली का? त्याचा वास चाललाय."

मामाने मला आत बसवलं. नळीचं पाणी वर पुढच्या काचेपर्यंत आलं आणि हवेच्या जाळीतून माझ्या पायावर धार लागली. मी काच वाजवली.

"अगं, फोडशील!" मामा ओरडला आणि वायपरखालचं प्लास्टिकचं झाकण काढायला लागला. तिथे एक पन्हळ असते. काचेवरचं पाणी तिच्यात पडतं आणि कोपऱ्यातल्या भोकातून खाली जमिनीवर जातं. ते भोकच कुणीतरी सीलंट, म्हणजे फटी बुजवायचा चिकट लगदा, भरून बुजवलं होतं. पन्हळ तुडुंब भरून पाणी आत येत होतं.

"कुठल्या गाढवाने..." मामा सुरू झाला आणि थांबला. सीलंटवर अंगठा उमटला होता. साबणाचं पाणी लावून अंगठ्याने दाबायचं, ही मामाचीच शिकवण. ठशाच्या मधोमध आडवी खूण होती, मामाच्या मुलाला लहानपणी पत्र्याने कापल्याची. मला एकदम आठवलं, आजारी पडायच्या आधी तो केवढ्या ऐटीत म्हणाला होता, "बाबा, माझ्या गाडीची गळती मीच काढली. तुम्हाला विचारलंसुद्धा नाही."

मामी जवळ आली. तिने वाकून पाहिलं, त्या खळग्यात आपला अंगठा ठेवला.

"काढू नका."

"अगं, नाही काढलं तर गाडी कुजेल. तुला बसायला काही उरणार नाही."

मामीने अंगठा उचलला. मग म्हणाली, "अख्खा निघेल ना?"

"निघेल," मामा म्हणाला. खात्री नसताना त्याने होकार दिलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

वरचं पाणी उपसून केस वाळवायच्या यंत्राने त्याने सीलंट गरम केलं, कडेने पातळ पातं फिरवलं. कड सुटली, गोळा हलला आणि त्याचे तुकडे तुकडे झाले. उरलेलं पाणी भसकन खाली गेलं. गळती थांबली.

"निघेल म्हणालात ना?" मामी म्हणाली. एरवी दहा कारणं तयार असलेला माझा मामा लहान मुलासारखा हमसून रडायला लागला.

मामीने त्याला समजावलं नाही. तिने भोकातले, पन्हळीतले, खाली ओल्या फरशीवर पडलेले सगळे तुकडे वेचले, बॉनेटवर मांडले आणि जुळवायला बसली.

"हा इकडचा का हो?"

"नाही गं," मामा नाक पुसत म्हणाला, "तो तळाचा. त्याच्यावर काही नाही."