मागच्या खोलीतली वसू

वसूला खोटं बोलता येत नसे, आणि आमच्या आळीत तो काही गुण समजला जात नसे. हळदीकुंकवाला आलेल्या एका बाईंना तिने भर बैठकीत सांगितलं, "तुमची नथ मागच्या शुक्रवारी समोरच्या वहिनींच्या नाकात होती." बायकांनी तोंडाला पदर लावले. यात हसण्यासारखं काय, ते वसूला शेवटपर्यंत कळलं नाही.

रत्नागिरीत आमची घरं भिंतीला भिंत लागून. ऐंशी सालच्या आसपास ती अकराची, मी नऊची. तिचे वडील बोटीवर, वर्षातून एकदा घरी यायचे. कोणी अंगाला हात लावला की वसू किंचाळायची. आज तिला स्वमग्न म्हटलं असतं. तेव्हा 'येडी' या शब्दात सगळ्यांचं भागत होतं. मी पडून रडले तरी ती ढिम्म उभी राही. माझी आई म्हणायची, "त्या पोरीला माया कशी ती नाय."

तिच्या थोरल्या बहिणीला, नलूताईला, बघायला मंडळी येणार होती. आधीची दोन स्थळं वसूला पाहून फिरली होती. म्हणून तिच्या आईने, म्हणजे काकूंनी, वसूला मागच्या खोलीत बसवलं, सोबतीला मला दिलं आणि बाहेरून कडी घातली. "तुझ्यावर भिस्त हाय गो," एवढंच म्हणाल्या. आत नारळांचा ढीग, सुकटीचा वास आणि उंचावर एक झरोका. मला गुदमरायला झालं.

बाहेर मुलाच्या आईने विचारलं, "मुली किती तुम्हाला?"

"ही एकच," काकू म्हणाल्या.

वसू ताडकन उठली. "खो—" एवढं निघतंय तोच मी तिच्या तोंडावर हात दाबला. तिचं अंग लाकडासारखं ताठ झालं. आता ही किंचाळणार, नलूताईचं लग्न मोडणार, तेही माझ्यामुळे! मला रडू फुटलं. पण वसू किंचाळली नाही. मंडळी उठेपर्यंत माझा हात तिने तसाच सोसला.

नंतर मी विचारलं, "ओरडली का नाहीस?"

भिंतीकडे बघत ती म्हणाली, "तुझा हात कापत होता. तुला मार पडला असता."

"आणि काकूंचं खोटं?"

"ते आई बोलली. मार तू का खायचास?"

लग्न जमलं. सासरी पुढे कळायचं ते कळलंच, नलूताईने निभावलं. मला नवा फ्रॉक मिळाला. आणि वसू गप्प बसू शकते हे एकदा कळल्यावर, कोणीही पाहुणा आला की तिच्यावर कडी लागू लागली. हे माझ्या हातून झालं. तिला माया नाही म्हणणाऱ्या कोणालाही मी खरं सांगितलं नाही.

माझ्या लग्नानंतर नवऱ्याला घेऊन काकूंकडे गेले. वसू ओटीवर तांदूळ निवडत होती. आम्हाला पाहताच सूप ठेवून मागच्या खोलीकडे निघाली. मी धावले. "वसू, मी आहे गो! मी कसली पाहुणी?"

"तुझ्याबरोबर पाव्हणा हाय," ती आत जाऊन बसली. "कडी सैल झालीय. जोर लावून घाल."

"घाल गो," बाहेरून काकू म्हणाल्या. "तिला सवय हाय."

मी घातली.