डाव्या पायाचा अंगठा

दीनानाथ खांबेट्यांना खोटं बोलता येत नसे, आणि हा काही गुण नव्हे, असं त्यांच्या बायकोचं, अनुराधाबाईंचं, चाळीस वर्षांचं मत होतं. अंबरनाथच्या एका कारखान्यात प्रेशर कुकर तपासायची नोकरी त्यांनी एकतीस वर्षं केली. वाफ सोडणारा कुकर खुद्द मालकाने पुढे केला तरी ते नापासाचा शिक्का मारत. घरी आले की आमटीवरही मारत.

निवृत्तीनंतर दोघं न्यूझीलंडला, ऑकलंडच्या मनुरेवा उपनगरात, लेकीकडे राहायला आली. टोंगा बेटांवरून आलेल्या शेजारच्या टोंगन कुटुंबाबरोबर मॉर्मन चर्चमध्ये जाऊ लागली आणि दोन वर्षांनी तिथलीच झाली. लेकीने, संपदाने, घरातला गणपती हलवला नाही आणि यांनीही हलवायला सांगितलं नाही. त्या चर्चमध्ये चहा-कॉफी चालत नाही. दिवसाला सहा कप रिचवणाऱ्या बाबांनी चहा सोडला, याचाच संपदाला धर्म बदलण्यापेक्षा मोठा धक्का बसला.

२००५ साली चर्चने या जोडप्याला मिशनरी म्हणून ओटाहुहूच्या हिंदी बोलणाऱ्या छोट्या मंडळीकडे नेमलं. छातीवर नावाची काळी पट्टी आली: एल्डर खांबेटे, सिस्टर खांबेटे. पहिल्या रविवारी हे दोघं धरून अकरा माणसं होती.

उपदेश दीनानाथांना अजिबात जमत नसे. दहा मिनिटं बोलायचं ठरलं की चार मिनिटांत आटपून खाली बसत. पण कुणाच्या घरी गेले आणि आतून कुकरची शिट्टी रडकी ऐकू आली, की यांचे पाय स्वयंपाकघराकडे वळलेच. खिशात रबरी रिंगा असायच्याच. कुकर खोलून, पुसून, पुन्हा बसवेपर्यंत घरातली बाई मनातलं सगळं बोलून घेई. फिजीहून आलेली असो की नाशिकहून, ती बोले आणि हे ऐकत. ऐकलेलं कधी बाहेर जात नसे. कुणाला दवाखान्यात न्या, कुणाची मुलं शाळेतून आणा, यातच त्यांचे दिवस जात. दीड वर्षात खुर्च्या कमी पडू लागल्या. अनुराधाबाई तोंडावर कधी म्हणाल्या नाहीत, पण त्यांना नवऱ्याचा फार अभिमान वाटे.

शांताबाई मूळच्या कराडच्या. मुलगा हरीश ऑकलंडला आयटीत, त्याच्याकडे राहायला आलेल्या. त्याही अशाच एका कुकरपायी मंडळीत आल्या. बाप्तिस्मा घ्यायचं मनात होतं, पण त्यांना पाण्याची विलक्षण भीती. लहानपणी नदीत वाहून जाता जाता वाचल्या होत्या. तेव्हापासून आंघोळसुद्धा तांब्याने, डोळे उघडे ठेवून. या चर्चमध्ये तर सबंध माणूस एकदम पाण्याखाली जावा लागतो. दोन साक्षीदार बघत असतात आणि एक बोट जरी वर राहिलं तरी सगळं पुन्हा करावं लागतं. शांताबाईंना धीर गोळा करायला आठ महिने लागले.

"तुझी इच्छा आहे तर कर, आई," हरीश म्हणाला. "पण तू पॅनिक झालीस ना, तर मी तुला सरळ घरी घेऊन जाणार. परत इथे यायचं नाही."

त्या शनिवारी चर्चमधल्या फरशीच्या टाकीत कोमट पाणी भरलं होतं. दोन बाजूंना दोन साक्षीदार उभे होते, त्यातले एक दीनानाथ. पांढऱ्या कपड्यातल्या शांताबाई जीव मुठीत धरून उतरल्या. बाप्तिस्मा देणारा सिओने, दिवसा फोर्कलिफ्ट चालवणारा धिप्पाड टोंगन, त्यांना म्हणाला, "नो वरीज, आंटी. स्वीट ॲज." म्हणजे काळजी नको, सगळं झकास होईल. त्याने प्रार्थना म्हटली आणि त्यांना मागे झुकवून पाण्याखाली नेलं. त्या धापा टाकत, रडत, हसत वर आल्या. कुणीतरी गाणं सुरूही केलं.

"अंगठा वर राहिला," दीनानाथ म्हणाले. "डाव्या पायाचा."

दुसऱ्या साक्षीदाराला त्याच्या बाजूने काही दिसलं नव्हतं. गाणं थांबलं. अनुराधाबाईंना वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. आज एक दिवस डोळे मिटले असते या माणसाने, तर काय बिघडलं असतं! शांताबाई लटलट कापू लागल्या. हरीश ताडकन उठला.

"इनफ. आई, बाहेर ये."

शांताबाईंनी पायरीकडे पाहिलं, मग दीनानाथांकडे. "भाऊ, खरंच राहिला?"

"राहिला."

"मग पुन्हा करायला हवं," त्या रडतच म्हणाल्या. "पण माझ्याच्याने नाही हो होणार. पाय आपोआप वर येतो."

दीनानाथांनी चष्मा काढून अनुराधाबाईंच्या हातात दिला. साक्षीदाराची जागा गुरुदत्त नावाच्या नव्या सभासदाला दिली. मग सुटासकट, टायसकट, छातीवरच्या पट्टीसकट ते टाकीत उतरले आणि गुडघे टेकून बसले. पाणी हनुवटीला लागलं.

"पाय मी धरतो," ते म्हणाले.

"अगंबाई! पायाला कसले हात लावता, भाऊ!"

"तुम्ही माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठ्या आहात. लावायचेच की."

त्यांनी श्वास घेतला, डोकं पाण्यात घातलं आणि शांताबाईंचे दोन्ही पाय घट्ट धरले. अनुराधाबाईंना वरून फक्त नवऱ्याची वाकलेली पाठ दिसत होती. हा माणूस कुणाची चूक दाखवून नुसता बाजूला उभा राहत नाही, हे चाळीस वर्षांत त्यांना आज पहिल्यांदा नीट कळलं.

सिओनेने शांताबाईंना पाण्याखाली नेलं आणि वर आणलं. "सगळं आत!" गुरुदत्त ओरडला.

शांताबाई वर आल्या, पण दीनानाथ येईनात. पाण्याखाली त्यांना काही ऐकू गेलं नव्हतं. झालं हे कळेपर्यंत पाय सोडायचा नाही, एवढंच त्यांना ठाऊक. सिओने वळेपर्यंत शांताबाईच खाली वाकल्या, तोंड पाण्यात गेलं तरी थांबल्या नाहीत, आणि दोन्ही हातांनी कॉलर धरून त्यांना वर खेचलं.

"जीव द्यायचा होता का?" त्या ओरडल्या.

"पास झालात?" दीनानाथांनी खोकत विचारलं.

हरीश मोठा टॉवेल घेऊन टाकीच्या काठाशी आला होता. त्याचे डोळे भरले होते. "चल आई, ये वर. झालं आता."

शांताबाई पायरीवर बसल्या. पाणी कमरेच्या वर होतं. त्यांनी ओंजळीत थोडं घेतलं, सोडलं, पुन्हा घेतलं.

"थांब रे जरा," त्या म्हणाल्या. "घाई काय आहे?"