माह्या एका चुकीनं पायथन जिंकलं

"मिलिंदराव, तुम्ही उद्या मेले तं हे कोण चालवीन?"

माह्या नवऱ्याले त्याच्या साहेबानं भर मीटिंगमंदी असं विचारलं होतं.

मेले ते दोन वर्षांआधी, आजच्याच तारखेले. साहेबालेच लय घाई झालती.

गोष्ट त्या वर्षांची, जेव्हा कापसाचे भाव रोज पडून राह्यले होते. मिलिंदराव आर्णी रोडच्या एका जिनिंगमंदी कम्प्युटर पाहत. गेटवर गाड्यांचे नंबर लावाचे, काट्यावरचं वजन टाकाचं, सारं एका जुन्या प्रोग्रामवर. तो मधातच अटके. काहून अटकला, कोणालेच समजे ना.

अटकला का नंबर गायब. पुन्हा पहिल्यापासून लाइन.

माणसं तीन-तीन दिवस गाडीखाली पडून राहत. तोवर भाव अजून खाली.

मिलिंदरावनं घरी बसून तेच काम पायथन नावाच्या नव्या भाषेत लिहून काढलं. मी म्हटलं, बायकोसंगं आहे त्या भाषेत दोन शब्द बोलत नाही, अन् मशीनसाठी नवी शिकून राह्यले.

साहेब दोन. मोठे नागपूरचे, लहान इथले. दोघायचंही एकच, हे फक्त तुम्हालेच समजते, जुनंच बरं. अन् मंग तो मरणाचा प्रश्न.

घरी आले तं तोंड उतरलेलं. ताट तसंच ठेवलं.

मी म्हटलं, "मले शिकवा. साहेबाले सांगा, बायको चालवीन."

हासले. मंग हासणं बंद करून माह्याकडं पाहतच राह्यले.

मी बाभुळगावकडच्या खेड्यातली, सातवी पास. इंग्रजी एक-एक अक्षर लावून वाचणारी. पंधरा दिवस शिकवलं त्यायनं. ज्या दिवशी माह्यावर चिडले, त्या दिवशी चहा बिनसाखरेचा.

मंग साहेबाच्या केबिनमंदी मी, नवी साडी नेसून.

मोठे साहेब म्हणाले, बैलगाड्यांची लाइन वेगळी अन् ट्रॅक्टरची वेगळी करून दाखवा. मिलिंदरावले हात लावाची मनाई.

मी टाइप केलं. बटन दाबलं.

एरर.

लहान साहेब खुर्चीतल्या खुर्चीत हासले. मिलिंदराव वर पंख्याकडं पाहाले लागले, जसं काही पंख्यासंगंच लगन लागलं होतं.

मी एरर वाचली. अक्षर-अक्षर लावून. कोणत्या ओळीत चुकलं, त्याचा नंबरच लिहून होता तठी. त्या ओळीवर गेली. पायथनमंदी कोणती ओळ किती आत सरकवून लिहाची, तेही पाहा लागते. माही एक ओळ बाहेर आलती.

आता वावरात बैलाच्या डवऱ्यामागं जिंदगी गेली माही. वाकडं तास मले बांधावरून दिसते.

सरकवली आत. दाबलं बटन.

दोन लाइनी, वेगवेगळ्या.

मंग मोठे साहेब लहान साहेबाकडं वळले.

"जुना कुठी अटकते, ते तुम्हाले पाच वर्षांत सापडलं नाही. या बाईले दोन मिनिटांत सापडलं."

सोमवारपासून पायथन.

मी चुकली नसती तं साहेबाले हे दिसलंच नसतं. पण मिलिंदरावनं मरेपर्यंत मान्य केलं नाही. म्हणे, माहा प्रोग्रामच चांगला होता. बरं बाप्पा.

पहिल्या दिवशी मी मुद्दाम पाहाले गेलती. एका बुढ्या गाडीवाल्याचा कापूस दुपारी चार वाजताच खाली झाला. तो बिचारा चिंतेत. तीन दिवसाच्या भाकरी बांधून आणल्या होत्या त्यानं.

म्हणे, "एवढ्या वापस नेल्या तं बुढी म्हणन, गेलताच कुठी?"

मंग आम्ही तिघंही गेटपाशी मांडी घालून बसलो. भाकर, ठेचा, कांदा. समोरून रिकाम्या गाड्या एकामागं एक घराकडं चालल्या होत्या. मिलिंदराव एक-एक गाडी पाहत अन् एक-एक भाकर घेत.

पाच खाल्ल्या. घरी दोनाच्या वर कधी गेले नाही.

जय भीम, मिलिंदराव. तुमची लय आठवण येते.